चढाला गाडी ओढत नाही, कोड पुसला तरी परत येतो

लक्षण ओळखीचं आहे. रिकामी गाडी बरी चालते. माल भरला, लांब चढ लागला, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवला की थोड्या वेळाने इंजिन ओढायचं थांबतं आणि चेक लाइट लागते. मग कितीही पाय दाबा, आरपीएम एका आकड्याच्या वर जात नाही. गाडी बाजूला घेऊन किल्ली बंद केली, पुन्हा चालू केली की सगळं ठीक. पुढच्या चढाला पुन्हा तेच. मग स्कॅनर लावून इंजिनाच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा कोड पुसला जातो, सेन्सर बदलला जातो, कधी टर्बो किंवा पंपसुद्धा बदलला जातो, आणि काही दिवसांनी तोच कोड परत हजर.

पुढचं सगळं कॉमन रेल डिझेल इंजिन (जास्त दाबाचं डिझेल ‘रेल’ या एकाच नळीत साठवून सगळ्या इंजेक्टरना देणारं) आणि टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा) असलेल्या जुन्या ट्रकबद्दल आहे. माझं मुख्य सांगणं असं, की कोड खराब पार्टचं नाव सांगत नाही. कॉम्प्युटरने मागितलेला आकडा आणि त्याला मिळालेला आकडा जुळला नाही, एवढंच तो सांगतो. तो का जुळला नाही हे आपल्याला मोजून शोधावं लागतं. जुन्या गाडीत उत्तर बहुतेक वेळा मोठ्या पार्टमध्ये नसतं. ते पाइपात, फिल्टरमध्ये, क्लिपखाली, कपलरमध्ये किंवा अर्थ केबलच्या टोकाला असतं.

पुसण्याआधी लिहून घ्या

कोड दिसला की लगेच ‘क्लिअर’ दाबण्याची सवय फार महागात पडते. कोडसोबत कॉम्प्युटर त्या क्षणाची नोंदही ठेवतो: आरपीएम किती होता, गाडीचा वेग, इंजिनवरचा लोड, पाण्याचं तापमान. स्कॅनरमध्ये ही नोंद ‘फ्रीझ फ्रेम’ या नावाने सापडते. कोड पुसला की तीही जाते. दोष आयडलिंगला आला की पूर्ण लोडला, थंड इंजिनवर आला की गरम झाल्यावर, हे कळण्याचा सर्वांत सोपा मार्ग आपणच बंद करून टाकतो. फोटो काढून ठेवा आणि मगच पुढे जा. पेंडिंग कोड, म्हणजे अजून पक्का न झालेला कोड, तोही लिहा. दिवा न लावता गुपचूप बसलेला पेंडिंग कोड कधीकधी खऱ्या कारणाच्या जास्त जवळ असतो.

सोळा पिनांच्या सॉकेटच्या गाड्यांत कोड ‘पी’ने सुरू होतात. ताकद जाण्याच्या तक्रारीत दोन कोड सारखे भेटतात: पी००८७, म्हणजे रेल प्रेशर हवं तेवढं होत नाही, आणि पी०२९९, म्हणजे टर्बोकडून हवा तेवढा बूस्ट (दाबलेली जादा हवा) मिळत नाही. बऱ्याच मोठ्या ट्रकमध्ये नऊ पिनांचं गोल सॉकेट असतं आणि कोड एसपीएन-एफएमआय अशा जोडीने येतो. एसपीएन सांगतो कुठलं माप, एफएमआय सांगतो त्या मापाचं काय बिघडलं. एसपीएन १५७ म्हणजे रेल प्रेशर, १०२ म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधला दाब, ९४ म्हणजे फिल्टरकडून पंपाला जाणाऱ्या डिझेलचा दाब, ११० म्हणजे कूलंटचं तापमान.

एफएमआयकडे फार लोक बघत नाहीत, आणि पैसे तिथेच वाया जातात. एफएमआय ३ म्हणजे व्होल्टेज नको तितकं जास्त, ४ म्हणजे नको तितकं कमी, ५ म्हणजे सर्किट उघडं. हे तिन्ही आले तर आधी वायर, कपलर आणि सेन्सर तपासायचे. पण एफएमआय १ किंवा १८ आला तर गोष्ट वेगळी: सेन्सरचं वाचन कॉम्प्युटरला पटलेलं आहे, आणि दाब खरोखरच कमी आहे. म्हणजे १५७ सोबत १८ आला असेल, तर रेल प्रेशर सेन्सर बदलून काहीही साधत नाही. तो बिचारा खरं बोलतोय.

आधी खात्री करा की दोष इंजिनाचाच आहे

ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. गाडी सोडून दिल्यावर नेहमीसारखी घरंगळत नाही आणि एखाद्या चाकाचा हब इतरांपेक्षा जास्त तापतो, तर ब्रेक धरून राहिलाय. या दोन्हींचा कोड इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये येत नाही.

तिसरी जागा एक्झॉस्ट ब्रेकची, म्हणजे धुराची वाट अडवून गाडी मंद करणाऱ्या ब्रेकची. त्याची फुलपाखरासारखी पाती काजळीने जाम होऊन अर्धी बंद राहिली, की इंजिनाचा धूर बाहेर पडायलाच वाट उरत नाही. गाडी ओढत नाही, तापते, आणि स्कॅनरवर काही दिसत नाही किंवा फक्त बूस्ट कमी असल्याचा कोड दिसतो. एकाला ब्रेकचा स्विच दाबायला सांगून दुसऱ्याने खाली पातीचा दांडा पूर्ण फिरतो का, आणि सोडल्यावर पूर्ण परत येतो का, हे बघावं. दोन मिनिटांचं काम आहे. टर्बोला हात लावण्याआधी हे झालंच पाहिजे. (आतून कोसळलेला सायलेन्सरही हेच करतो.)

मग धूर बघा. जुन्या इंजिनात धुराइतकी चांगली फोड दुसरं काही करून देत नाही. ताकद जाते आणि त्याच वेळी मागे काळा धूर निघतो, म्हणजे डिझेल पोचतंय पण हवा कमी पडतेय. ताकद जाते आणि धूर मुळीच नाही, म्हणजे डिझेलच कमी पडतंय किंवा कॉम्प्युटरने स्वतःहून डिझेल कापलंय. डीपीएफ (एक्झॉस्टमधला काजळी अडवणारा फिल्टर) लावलेल्या गाडीत ही खूण चालत नाही, कारण फिल्टर काजळी आत धरून ठेवतो.

आणखी एक फोड. ताकद गेल्यावर किल्ली बंद न करता गाडी बाजूला घेऊन आयडलिंगवर उभी ठेवा. काही मिनिटांनी तशीच निघालात आणि ताकद परत आली, तर अडथळा डिझेलच्या वाटेत असण्याची शक्यता मोठी. किल्ली बंद-चालू केल्याशिवाय ताकद येतच नसेल, तर कॉम्प्युटरने लिंप मोड (इंजिन वाचवायला ताकद कापून ठेवणं) लावून ठेवलाय आणि तो किल्लीने सुटतोय. तेव्हा लिंप मोड लावायला भाग पाडणारा पहिला कोड कुठला, हे शोधायचं.

डिझेल कमी पडतंय: टाकीपासून सुरुवात करा

पी००८७ किंवा १५७/१८ आला की सगळ्यांची नजर हाय प्रेशर पंपाकडे जाते. तो या वाटेतला शेवटाकडचा टप्पा आहे. त्याच्या आधी टाकीचा ब्रीदर (टाकीत हवा येण्याचं छिद्र), टाकीतली जाळी, सक्शन पाइप, वॉटर सेपरेटर, फीड पंप आणि फिल्टर येतात. पंपाला डिझेलच नीट मिळत नसेल तर तो दाब कुठून देणार?

टाकीचं झाकण उघडताना आत हवा ओढल्याचा ‘सुस्स’ आवाज आला तर ब्रीदर बुजलाय. सुरक्षित जागी झाकण थोडं सैल ठेवून तोच चढ करून बघा. फरक पडला तर शोध तिथेच संपला. टाकीतला गाळ जास्त फसवा असतो. इंजिन जोरात डिझेल ओढतं तेव्हा शेवाळासारखा गाळ किंवा कापडाचा तुकडा जाळीला चिकटतो. गाडी थांबली की ओढ संपते आणि तो गळून खाली बसतो. म्हणून गाडी ‘आपोआप’ बरी होते, आणि गॅरेजमध्ये उभी असताना सगळे आकडे ठीक दिसतात. टाकी खाली करून, जाळी बाहेर काढून डोळ्यांनी बघण्याला पर्याय नाही.

सक्शन पाइपमधल्या हवेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त पंप याच दोषापायी विनाकारण बदलले जातात. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या पाइपात दाब नसतो, ओढ असते. त्यामुळे तिथे चीर पडली तर डिझेल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. खाली थेंब पडत नाही, पाइप ओला होत नाही, आणि बघणारा ‘लिकेज नाही’ म्हणून उठतो.

असंच एक सहा सिलिंडरचं इंजिन डोळ्यासमोर आहे. रेल प्रेशर सेन्सर आणि हाय प्रेशर पंप आधीच बदललेले, कोड तसाच. फीड पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक पाइप जोडला. आयडलिंगला डिझेल काचेसारखं स्वच्छ. आरपीएम दोन हजारांच्या आसपास नेऊन धरला तसे बारीक बुडबुडे सुरू झाले, आधी तुरळक, मग मोत्यांच्या सरीसारखे सलग. त्याच वेळी स्कॅनरवर रेल प्रेशर थरथरू लागलं. पाइप टाकीच्या दिशेने तपासत गेल्यावर चासीच्या पट्टीजवळ रबरी होजवरची लोखंडी क्लिप सैल करून सरकवली. तिच्या कडेखाली रबराला केसाएवढी चीर होती, आणि भोवतीची धूळसुद्धा कोरडी होती. होजचा तो तुकडा बदलल्यावर बुडबुडे थांबले आणि दाबही स्थिर झाला.

म्हणून पारदर्शक पाइप प्रत्येकाने हत्यारांत ठेवावाच. तो डिझेल सोसणारा हवा, फक्त कमी दाबाच्या बाजूलाच लावायचा, आणि तपासणी झाली की काढायचा. फिल्टर नुकताच बदलला असेल तर थोडी हवा काही वेळ दिसणारच, तिच्यावरून निष्कर्ष काढू नका. बँजो बोल्टचे (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर जुनेच पुन्हा वापरले असतील तर तेही हवा घेतात.

पुरवठा चोख आहे हे पटल्यावरच पुढे जायचं. स्कॅनरवर मागितलेलं रेल प्रेशर आणि प्रत्यक्षातलं रेल प्रेशर शेजारी-शेजारी लावा. आयडलिंगला साधारण २५० ते ४०० बार दिसतं. पूर्ण लोडला इंजिनाच्या पिढीप्रमाणे १,३०० ते १,८०० बार किंवा त्याहून जास्त. नुसत्या आकड्यापेक्षा दोन रेषांमधलं अंतर महत्त्वाचं. लोड देताना मागणी चढते आणि प्रत्यक्ष दाब मागे पडतो, तो क्षण पकडायचा. पंपाचा मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जावं ते ठरवणारा) पूर्ण उघडायला सांगितलेला असूनही दाब मागे पडत असेल, तर पंप तरी कमजोर आहे किंवा दाब पुढे कुठेतरी गळतोय.

गळण्याच्या मुख्य जागा दोन. पहिली, रेलवरचा रिलीफ व्हॉल्व्ह. नेहमीच्या चालण्यात त्याच्या परतीच्या पाइपातून डिझेल यायलाच नको; येत असेल तर व्हॉल्व्ह दाब धरत नाही. दुसरी, इंजेक्टरची परती. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला सारखी बाटली लावा, इंजिन गरम असताना ठरावीक वेळ चालवा आणि पातळ्यांची आपसात तुलना करा. एखादी बाटली बाकीच्यांच्या दुपटीने भरली तर तो सिलिंडर सापडला. पण थांबा: ज्या इंजिनात हेडच्या बाजूने आडवी नळी येऊन इंजेक्टरला टेकते, तिथे त्या नळीचं बसणं बिघडलं तरी डिझेल परतीतच जातं. इंजेक्टर नवा घातला तरी बाटली तितकीच भरते. अशा इंजिनात नळीचं टोक, इंजेक्टरवरची बैठक आणि नटचा टॉर्क हे सगळं एकत्रच तपासायचं.

गरम इंजिन बंद केल्यावर पुन्हा सेल्फ मारताना लवकर सुरू होत नसेल, तर हीच परती आठवा. बहुतेक प्रणालींत रेलमध्ये १५० ते २०० बारच्या आसपास दाब तयार झाल्याशिवाय इंजेक्टर उघडतच नाहीत.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. इंजिन चालू असताना हाय प्रेशर पाइप सैल करू नका, आणि लिकेज शोधायला हात फिरवू नका. पुठ्ठा फिरवा. या दाबाची धार कातडीतून आत जाते, वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत मांस नासतं. असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच क्षणी दवाखाना गाठायचा, आणि डॉक्टरांना ‘दाबाने डिझेल आत गेलंय’ हे शब्दांत सांगायचं.

हवा कमी पडतेय

पी०२९९ किंवा एसपीएन १०२ वर आधी सेन्सरची परीक्षा घ्या, ती फुकट होते. इंजिन बंद, किल्ली चालू. आता मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेइतकाच असायला हवा: समुद्रसपाटीला सुमारे १०० किलोपास्कल, हजार मीटर उंचीवर सुमारे ९०. स्कॅनरवर बॅरोमीटरचा आकडाही असतो, दोन्ही जवळपास सारखे हवेत. बूस्ट सेन्सर इथेच चुकीचं दाखवत असेल तर तो किंवा त्याची वायर दोषी, टर्बोचा संबंध नाही. मात्र काही स्कॅनर बाहेरच्या हवेचा दाब वजा करून आकडा दाखवतात. तिथे किल्ली चालू असताना शून्य दिसणं बरोबर आहे.

सेन्सर ठीक निघाला तर टर्बोपासून मॅनिफोल्डपर्यंतची पूर्ण वाट हवेने तपासा. टर्बोच्या तोंडाला टोपी बसवून, रेग्युलेटर लावून एक बारच्या आतबाहेर हवा भरा आणि साबणाचं पाणी शिंपडा. इंटरकूलरच्या (टर्बोची तापलेली हवा थंड करणारा) टाकीचा जोड, होजच्या खालच्या बाजूच्या चिरा, तेलाने भिजून मऊ पडलेलं रबर या नेहमीच्या जागा. वरून धडधाकट दिसणाऱ्या होजचं आतलं अस्तर सुटलेलं असतं, आणि टर्बोच्या आधीच्या बाजूला ते जोरात ओढ बसल्यावर आत चिकटून वाट बंद करतं. होज हाताने दाबून बघा आणि एकदा काढून आत बोट घाला.

त्यानंतर टर्बोचा ॲक्च्युएटर, म्हणजे दांडा हलवून बूस्ट कमी-जास्त करणारा भाग. दांडा पूर्ण प्रवास करतो का, अडकत जातो का? पाती हलणाऱ्या टर्बोत काजळीमुळे ती जाम होतात, आणि मग कधी बूस्ट कमी तर कधी जास्त असे उलटसुलट कोड येतात. दोन्ही दिशांचे कोड एकाच गाडीत दिसले तर माझा पहिला संशय अडकणाऱ्या पात्यांवर किंवा ॲक्च्युएटरवर असतो. टर्बोच्या आधीच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तडा असला तरी बूस्ट पडतो. तिथे काजळीची काळी रेघ उमटलेली दिसते. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) उघडा अडकला तर काळा धूर आणि मंद गाडी, दोन्ही मिळतात.

एकदम पाच-सहा कोड आले तर

रेल प्रेशर, बूस्ट, पेडल, ऑइल प्रेशर असे एकमेकांशी संबंध नसलेले कोड एकाच क्षणी आले, तर इतके पार्ट एकदम मेले असं होत नाही. त्यांच्यात सामाईक काय आहे ते बघा. बऱ्याच सेन्सरना कॉम्प्युटर एकाच लाइनवरून ५ व्होल्ट देतो. त्यातला एक सेन्सर आतून शॉर्ट झाला किंवा एक वायर घासून चासीला टेकली की ती लाइन बसते, आणि सगळेच सेन्सर खोटं सांगू लागतात. मल्टिमीटर त्या ५ व्होल्टवर ठेवून एकेक सेन्सरचा कपलर काढत जा. ज्याच्या काढण्याने ५ व्होल्ट परत येतात तो गुन्हेगार, किंवा त्याची वायर.

अर्थ केबल नुसती बघून पास करू नका. सेल्फ मारत असताना बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून इंजिन ब्लॉकपर्यंत व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर केबल किंवा तिचा लग खराब आहे. कॉम्प्युटरच्या अर्थ पिनवर इंजिन चालू असताना ०.१ व्होल्टपेक्षा जास्त नको. चार्जिंगही बघा: २४ व्होल्टच्या गाडीत चालू इंजिनला २७ ते २८.५.

ज्या ट्रकची केबिन पुढे कलते, तिथे बिजागरीजवळ हार्नेस (वायरींचा जुडगा) प्रत्येक वेळी वाकतो. वरचं आवरण शाबूत आणि आतली तार तुटलेली, असं तिथे सर्रास सापडतं. केबिन कलवून काम केल्यानंतर दोष सुरू झाला किंवा नाहीसा झाला असेल तर थेट तिथे जा. (केबिनचा लॉक बसल्याशिवाय खाली डोकं घालू नका.) इंजिन चालू ठेवून, स्कॅनरवर आकडे बघत हार्नेस वीत-वीत हलवत जाणं कंटाळवाणं आहे, पण येणारा-जाणारा दोष पकडायला दुसरा रस्ता नाही.

दोन वायरींच्या तापमान सेन्सरसाठी सोपी युक्ती: कपलर काढल्यावर स्कॅनरने अतिथंड, उणे ४० च्या आसपास दाखवलं आणि दोन पिना जोडल्यावर अतिगरम दाखवलं, तर वायरिंग आणि कॉम्प्युटर ठीक, सेन्सर बदला.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. पेडल पूर्ण दाबल्यावर स्कॅनरवर १०० टक्के किंवा त्याच्या जवळ दिसतं का बघा; खाली मॅट अडकल्यानेही ७०-८० वर थांबतं. ब्रेकचा स्विच अडकून ‘ब्रेक दाबलाय’ असं सांगत असेल तर काही कॉम्प्युटर डिझेल कापतात. इंजिन खरोखर तापत असेल तर ताकद कापणं हे संरक्षण आहे, तेव्हा रेडिएटर आणि फॅनकडे वळा. डीपीएफ भरल्याचा कोड असेल तर साफ करण्याआधी तो लवकर का भरतोय ते शोधा. बहुधा गळका इंजेक्टर किंवा कमी बूस्टच काजळी वाढवत असतो. फिल्टर कापून काढणं हा माझ्या लेखी इलाज नाही: धूर लोकांच्या छातीत जातो, बऱ्याच देशांत ते बेकायदा आहे, आणि मूळ दोष तसाच राहतो. एवढं सगळं ठीक निघालं तरच टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हची फट) आणि कॉम्प्रेशन तपासायचं.

दुरुस्तीनंतर कोड पुसा आणि फ्रीझ फ्रेममध्ये लिहून घेतलेली परिस्थिती पुन्हा तयार करा: तितकाच लोड, तोच आरपीएम, तितकंच तापलेलं इंजिन. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर फिरवून ‘झालं’ म्हणू नका. स्कॅनर दुसऱ्याच्या हातात द्या, चालवणाऱ्याने रस्त्याकडेच बघावं. मागणी आणि प्रत्यक्ष, रेल आणि बूस्ट, हे चार आकडे पूर्ण चढभर रेकॉर्ड करा आणि ती फाइल गाडीच्या नंबरने जपून ठेवा. पुढच्या वेळी तक्रार आली की याच गाडीचे धडधाकट आकडे तुलनेला हाताशी असतील.